आंकतिल-द्युपेराँचे चरित्र मराठीत लिहिताना: शकावली, वाटा आणि एक प्रसिद्ध उतारा

अठराव्या शतकातील फ्रेंच प्राच्यविद्यापंडित अब्राम यासँत आंकतिल-द्युपेराँ याचे नाव मराठी वाचकाला बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचे युरोपीय भाषेतील पहिले भाषांतर त्याने केले, हे एक कारण. आणि मराठ्यांच्या मुलखाविषयी त्याने काढलेले गौरवोद्गार आपल्याकडील इतिहासलेखनात पुनःपुन्हा उद्धृत झाले, हे दुसरे. यांपलीकडे तो भूगोलाचा चिकाटीचा अभ्यासक होता, सह्याद्री पायाखाली घालून पुणे, औरंगाबाद आणि वेरूळ या वाटेने सुरतेला गेला होता, कान्हेरी आणि घारापुरीची लेणी त्याने स्वतः पाहिली होती, या गोष्टी मागे पडतात. ज्यांना त्याच्यावर मराठीत पंधरा-वीस पानांचा चरित्रलेख किंवा एखादी ज्ञानकोशीय नोंद लिहायची आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातली पद्धत त्या काळातील इतर फ्रेंच प्रवाशांच्या चरित्रांनाही लागू पडेल. परंतु आंकतिलच्या बाबतीत ती आपल्या अंगणातच तपासून पाहता येते, म्हणून मी त्याचेच उदाहरण घेतो.

प्रथम नावाचा निर्णय करावा. मराठीत ते अंकेतील, आंक्वेटिल, दुपेरॉन अशा अनेक रूपांनी आढळते. फ्रेंच उच्चाराला जवळचे रूप ‘आंकतिल-द्युपेराँ’ असे होते. शीर्षकात ते रूप ठेवावे, पहिल्या परिच्छेदात इतर प्रचलित रूपे एकदा नोंदवावीत आणि पुढे एकाच रूपावर ठाम राहावे. त्याचा भाऊ लुई-पिएर आंकतिल हाही इतिहासकार होता आणि दुसरा भाऊ सुरतेच्या फ्रेंच वखारीत अधिकारी होता. त्यामुळे नुसते ‘आंकतिल’ लिहिताना तिघांची गल्लत होणार नाही, एवढे पाहावे.

शकावली आधी, कथन नंतर

लिहायला बसण्यापूर्वी एक वही करावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत: तारीख, ठिकाण आणि हे कशावरून कळते ते साधन. आपल्याकडच्या इतिहाससंशोधकांनी शकावलीला जे महत्त्व दिले, ते अशा भटक्या माणसाच्या चरित्रात फारच उपयोगी ठरते. आंकतिलचा जन्म पॅरिसमध्ये ७ डिसेंबर १७३१ रोजी मसाल्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. धर्मशास्त्राच्या शिक्षणासाठी तो पॅरिसनंतर हॉलंडमध्ये राहिला आणि तिथे हिब्रू, अरबी व फारसी यांच्या नादी लागला. १७५४ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील, वेंदिदादच्या (हा अवेस्ताचाच एक भाग) एका पोथीतील चार पानांची नक्कल त्याच्या पाहण्यात आली. ही लिपी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती. ती वाचायला शिकायचे तर जिथे ती जिवंत आहे तिथेच जावे लागेल, असे त्याने ठरवले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या भरतीतील साध्या शिपायांबरोबर पॅरिसहून पायी निघाला.

बहुतेक लेखक या शिपाईगिरीच्या प्रसंगाने इतके भारावून जातात की पुढची ओळ लिहायची राहून जाते. त्याच्या मित्रांनी दरम्यान सरकारदरबारी खटपट केली, लष्करी करारातून त्याची सुटका झाली, जहाजावर फुकट प्रवास व कप्तानाच्या मेजावर जेवणाची सोय मिळाली आणि भारतात काही वेतन मिळण्याची तजवीजही झाली. म्हणजे पाँडिचेरीच्या धक्क्यावर १० ऑगस्ट १७५५ रोजी उतरलेला तरुण हा शिपाई नव्हता. राजाश्रय मिळालेला तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. शकावलीत हे दोन्ही टप्पे शेजारी-शेजारी आले की प्रसंगातील धाडस तर राहतेच, पण त्याची अतिशयोक्ती होत नाही.

पाँडिचेरीत फारसी, मग संस्कृत शिकण्याच्या आशेने बंगालमधील चंद्रनगर, तिथे आजारपण आणि निराशा. आणि २३ मार्च १७५७ रोजी इंग्रजांनी चंद्रनगर जिंकले, त्या वेळचा गोंधळ. तिथून तो पूर्व किनाऱ्याने सुमारे शंभर दिवसांचा प्रवास करून पाँडिचेरीला परतला. तिथे भावाची भेट झाली, दोघे सुरतेकडे जाणाऱ्या जहाजात बसले. परंतु आंकतिल मलबार किनाऱ्यावरील माहे येथे उतरला आणि उरलेली वाट त्याने जमिनीवरून काढली. गोवे, घाट, पुणे, औरंगाबाद, वेरूळ असे करीत १७५८ च्या मे महिन्याच्या तोंडावर तो सुरतेला पोहोचला. ही तारीख वहीत ठळक लिहून ठेवावी; तिचे काम पुढे आहे.

मुख्य साधन कुठे आहे

त्याचे ‘झेंद-अवेस्ता’ १७७१ साली पॅरिसमध्ये तीन पुस्तकांत प्रसिद्ध झाले. नावावरून ते केवळ धर्मग्रंथाचे भाषांतर वाटते, आणि म्हणूनच मराठी अभ्यासक ते उघडत नाहीत. परंतु पहिल्या पुस्तकाचा फार मोठा भाग ‘प्रास्ताविक प्रवचन’ या साध्या नावाखाली छापलेला त्याचा प्रवासवृत्तांतच आहे. या भागाची पाने रोमन आकड्यांनी मोजली आहेत आणि त्यानंतरच्या मजकुराला नेहमीचे आकडे आहेत; त्यामुळे संदर्भ देताना पुस्तक, भाग आणि आकड्यांचा प्रकार या तिन्ही गोष्टी द्याव्यात, नाहीतर वाचक भलत्याच पानावर जाऊन थांबेल. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संगणकीय संग्रहात हे पुस्तक घरबसल्या पाहता येते.

फ्रेंच येत नसेल तर हे काम सोडून द्यावे असे नाही. वृत्तांताची भाषा गद्य आणि नेमकी आहे: अमुक वाजता निघालो, इतके कोस चाललो, उजवीकडे टेकडी, पुढे नाला, गावात इतकी घरे. दोनशे-अडीचशे शब्दांची एक यादी करून ठेवली की, म्हणजे दिशा, अंतरे, नदी, तळे, देऊळ, किल्ला, चौकी, जकात, पालखी, भोई यांचे फ्रेंच शब्द जमवले की, भारतातील पाने कोशाच्या मदतीने सावकाश लावता येतात. छापाईतील लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते, पहिल्या दोन-तीन पानांत ते त्रास देते, मग नजरेला सवय होते. यंत्राने केलेल्या भाषांतरावर स्थलनामांच्या बाबतीत मुळीच विसंबू नये, कारण ते नावांना अर्थ लावायला जाते.

एका उताऱ्याची तपासणी

आता तो प्रसिद्ध उतारा घेऊ. आंकतिल युरोपात परतल्यावर त्याच्या प्रवासाच्या फ्रेंच वृत्तांताचा गोषवारा १७६२ साली ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात इंग्रजीत छापला गेला. त्यात असे म्हटले आहे की, २७ मार्च १७५८ रोजी सकाळी दहाच्या सुमारास घाट ओलांडून आपण मराठ्यांच्या मुलखात शिरलो, तेव्हा सुवर्णयुगातील साधेपणात आणि सुखातच आलो आहोत असे वाटले. निसर्ग तिथे अजून बदललेला नव्हता, युद्ध आणि दैन्य ठाऊक नव्हते. माणसे आनंदी, सशक्त, निरोगी होती. आणि आतिथ्य असे की प्रत्येक दार उघडे, शेजारी असो वा परका, जे घरात असेल त्यात त्याचा वाटा. हा उतारा गेली शंभरहून अधिक वर्षे आपल्याकडे इंग्रजीपूर्व सुराज्याचा दाखला म्हणून दिला जातो. मीही तो अनेक वर्षे तसाच वापरत आलो होतो.

पण त्याच इंग्रजी वाक्याचा आरंभ ‘सुरतेहून’ असा आहे. इथे वही उघडावी. २७ मार्चला आंकतिल सुरतेहून निघूच शकत नव्हता, कारण तो सुरतेला पहिल्यांदा पोहोचला त्यानंतर महिन्याभराने. तो येत होता गोव्याकडून आणि जात होता सुरतेकडे. गोषवारा करताना निघण्याचे ठिकाण आणि जाण्याचे ठिकाण यांची अदलाबदल झाली, असे मानले तरच तारीख, वाट आणि दिशा जुळतात. याचा परिणाम लहानसा नाही. सुरतेहून घाट चढणारा प्रवासी खानदेश-नाशिकच्या बाजूला उतरतो. गोव्याहून चढणारा दक्षिणेकडे, कोल्हापूर-बेळगावच्या दिशेने. म्हणजे ज्या गावांची दारे उघडी होती ती गावे कोणती, हा प्रश्नच एका शब्दाने दोन-तीनशे मैल सरकतो. त्यामुळे हा उतारा देताना ‘सुरतेहून’ हा शब्द गाळून टाकणे किंवा गुपचूप दुरुस्त करणे, दोन्ही चूक. तो तसाच द्यावा आणि तळटीपेत वरील विसंगती सांगावी.

नंतर तिथी काढावी. इंग्लंडने १७५२ साली नवी कालगणना स्वीकारली होती आणि फ्रान्समध्ये ती आधीपासूनच होती, म्हणून इथे अकरा दिवसांचा फरक करण्याची गरज नाही. जंत्रीवरून पाहता २७ मार्च १७५८ हा दिवस शके १६७९ च्या फाल्गुन वद्यात येतो. होळी पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झालेले, रंगपंचमी तोंडावर. रब्बीची सुगी उरकत आलेली, कोकणात आणि घाटमाथ्यावर शिमग्याचे दिवस. आंकतिलने सण पाहिला असे मी म्हणणार नाही, तसे लिहिण्याचा अधिकार या तिथीने मिळत नाही; परंतु ज्या दिवसांत आपल्याकडची गावे वर्षातली सर्वांत मोकळी असतात त्या दिवसांत तो आला, एवढे चरित्रकाराने वाचकाला सांगितलेच पाहिजे. ज्येष्ठात किंवा भर श्रावणात तो याच वाटेने आला असता, तर हीच दारे त्याला कशी दिसली असती, याचा विचार वाचक स्वतः करील.

तिसरी गोष्ट शकावलीच सुचवते. चंद्रनगर पडले २३ मार्च १७५७ रोजी. हा उतारा त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांचा आहे. युद्ध आणि दैन्य ठाऊक नसलेला मुलूख, हे शब्द बंगालमधला वेढा आणि नंतरची शंभर दिवसांची पायपीट अंगावर घेतलेल्या माणसाचे आहेत. शिवाय निसर्गावस्थेतील माणसाविषयी रूसो या विचारवंताने लिहिलेला निबंध १७५५ चा. ‘सुवर्णयुग’ ही त्या पिढीच्या फ्रेंच वाचकांची ओळखीची भाषा होती. हे सगळे सांगितल्याने उताऱ्याचे मोल घटत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, राघोबादादांच्या फौजा पंजाबात असताना, एक निःशस्त्र फ्रेंच विद्यार्थी घाटमाथ्यापासून वेरूळपर्यंत गेला, ही गोष्टच एक पुरावा आहे, आणि तो स्तुतीच्या वाक्याहून अधिक भक्कम आहे.

गावांची नावे आणि अंतरे

फ्रेंच लेखनातील आपली गावे ओळखण्याची युक्ती अशी, की नाव डोळ्यांनी वाचू नये, फ्रेंच पद्धतीने मोठ्याने उच्चारावे आणि मग मराठी कानाने ऐकावे. ‘ओ’ आणि ‘यू’ ही अक्षरे जोडून आली की उच्चार ‘ऊ’. ‘सी-एच’चा उच्चार ‘श’, त्यामागे ‘टी’ असेल तर ‘च’. ‘जे’मागे ‘डी’ असेल तर आपला ‘ज’. ‘एच’ बहुधा मुका. वेरूळ त्याच्या पुस्तकात ‘इलूरा’ होऊन येते, कान्हेरी ‘केनेरी’. ‘ळ’ आणि ‘ण’ फ्रेंच कानाला वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून ‘ल’ किंवा ‘र’ आणि ‘न’ दिसले तिथे दोन्ही शक्यता धराव्यात. तेवढ्यावर मात्र गाव ठरवू नये. नाव, आधीच्या मुक्कामापासूनचे अंतर आणि वाटेत ओलांडलेली नदी, या तिघांपैकी किमान दोन जुळल्याशिवाय आजचे नाव मजकुरात घालू नये. फक्त नावच जुळत असेल तर मूळ रूप ठेवून प्रश्नचिन्ह द्यावे. वडगाव आणि पिंपळगाव या नावाची किती गावे आहेत, हे मराठी माणसाला सांगायला नको.

अंतराचे फ्रेंच माप म्हणजे ‘लिग’, आणि ते एक नाही. एका अक्षांशाला पंचवीस या हिशोबाचा लिग सुमारे ४.४ किलोमीटरांचा होतो, तर वीस या हिशोबाचा, दर्यावर्दी लिग, सुमारे ५.५ किलोमीटरांचा. शंभर लिगांत सुमारे ११० किलोमीटरांचा फरक पडतो. आपला कोसही मुलखागणिक बदलतो. त्यामुळे ज्या दोन ठिकाणांबद्दल शंका नाही अशी जोडी आधी घ्यावी (औरंगाबाद आणि वेरूळ ही उत्तम जोडी आहे), त्यांच्यामधले त्याचे अंतर आजच्या अंतराशी ताडून पाहावे आणि तो कुठले माप वापरतो हे ठरवूनच बाकीचा प्रवास मोजावा. पायवाट ही सरळ रेषेपेक्षा लांब असते, ही गोष्ट गृहीत धरावी. सोबत द’आँव्हील या फ्रेंच भूगोलकाराचा १७५२ चा भारताचा नकाशा उघडा ठेवावा. द’आँव्हील भारतात कधी आला नव्हता; प्रवाशांची टिपणे जुळवून त्याने तो नकाशा केला, आणि जिथे खात्रीची माहिती नव्हती तिथे जागा मोकळी सोडली. आंकतिलच्या पिढीला दख्खनचा आतला भाग कागदावर कसा दिसत होता, ते त्यावरून कळते.

लेण्यांच्या बाबतीत तर पुस्तक हातात घेऊन प्रत्यक्ष जावे. वेरूळचे सविस्तर वर्णन करणाऱ्या पहिल्या काही युरोपीयांमध्ये तो आहे. तिथे आज जे एक ते चौतीस क्रमांक आहेत ते त्याच्या काळी नव्हते; तो ज्या क्रमाने चालत गेला त्या क्रमाने आणि बरोबरच्या ब्राह्मणांनी सांगितलेल्या नावांनी लिहितो. बौद्ध लेणीही त्यामुळे पुराणातल्या नावांनी येतात. त्याला चूक म्हणून बाजूला सारू नये. १७५८ साली वेरूळच्या परिसरातील माणसे त्या मूर्तींना काय म्हणत होती, याची ती नोंद आहे, आणि अशा नोंदी फार थोड्या आहेत. १७६० च्या अखेरीस तो सुरतेहून साष्टीत आला आणि कान्हेरी व घारापुरी पाहून गेला. साष्टी तेव्हा मराठ्यांकडे होती, मुंबई इंग्रजांकडे. साष्टी मराठ्यांकडे आली ते १७३९ आणि इंग्रजांनी घेतली ते १७७४, ही दोन साले लक्षात ठेवली म्हणजे त्याला कुठे कोणाचा परवाना लागला असेल हे समजते.

सुरतेची तीन वर्षे

या भागात लेखकाने घाई करू नये आणि बाजूही घेऊ नये. सुरतेचे पारशी तेव्हा पंचांगाच्या वादावरून शहेनशाही आणि कदमी अशा दोन तटांत विभागले होते. आंकतिलला शिकवणारे दस्तूर, म्हणजे पारशी धर्मगुरू, दाराब हे कदमी पक्षाचे. त्यांनी त्याला वेंदिदादची पोथी दिली. पुढे डच वखारीचे दलाल असलेल्या शहेनशाही पक्षाच्या मंचरजींकडून, डच अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने, त्याला दुसरी पोथी पाहायला मिळाली आणि दोन्ही ताडून पाहताच पहिली अपुरी व फेरफार केलेली असल्याचे त्याच्या ध्यानात आले. फ्रेंच पुस्तकांत इथे दस्तुरांची लबाडी पकडली गेली असा सूर असतो. एका धर्मगुरूने आपला पवित्र ग्रंथ परक्याच्या हाती पूर्णपणे न देणे याला लबाडी हा एकच शब्द पुरेसा नाही, आणि त्याच दाराबांनी पुढे ओळीओळीने फारसीतून अर्थ सांगितला नसता तर १७५९ मध्ये वेंदिदादचे भाषांतर पुरे झाले नसते, हेही त्याच पानावर लिहावे.

त्याच वर्षी एका देशबांधवाशी झालेल्या द्वंद्वात आंकतिलच्या हातून तो माणूस मारला गेला, स्वतःलाही जखमा झाल्या आणि त्याला इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध चालू असताना फ्रेंच राजाश्रयाचा विद्यार्थी इंग्रजांच्या संरक्षणात अवेस्ता लिहून काढत होता. हा प्रसंग टाळू नये आणि रंगवूही नये. पुढचा परतीचा प्रवास इंग्रज जहाजातून का झाला, हे त्याशिवाय उलगडत नाही.

१७६१ मध्ये तो मुंबईहून निघाला, नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला पोहोचला, शत्रुपक्षाचा माणूस म्हणून तिथे अडकून पडला आणि सुटका झाल्यावर घरी जाण्याऐवजी आधी ऑक्सफर्डला गेला. जिच्या चार पानांनी हे सगळे सुरू झाले ती पोथी, ग्रंथालयात साखळीने जखडलेली, त्याने आपल्या पोथ्यांशी ताडून पाहिली. मार्च १७६२ मध्ये पॅरिसच्या राजग्रंथालयात त्याने १८० हस्तलिखिते जमा केली. १७७१ मध्ये भाषांतर प्रसिद्ध होताच तरुण इंग्रज प्राच्यविद्यापंडित विल्यम जोन्सने फ्रेंचमध्ये एक बोचरी पुस्तिका लिहून ते खोटे ठरवले. या वादाचा निकाल लिहिताना डॅनिश भाषापंडित रास्क याचे १८२६ मधील विवेचन आणि त्यानंतरचे फ्रेंच पंडित ब्युर्नूफ याचे काम यांचा आधार घ्यावा: ग्रंथ अस्सल होता, भाषांतरात मात्र चुका पुष्कळ होत्या. दोन्ही विधाने एकत्रच करावीत.

भूगोलकार म्हणून

या बाजूसाठी स्वतंत्र प्रकरण राखावे. योसेफ टीफेनथालर हा जेझुइट पाद्री उत्तर भारतात अनेक वर्षे हिंडून गंगा आणि घाघरा यांचे नकाशे करीत होता. त्याने ते आंकतिलकडे पाठवले आणि आंकतिलने त्यांवरून १७८४ मध्ये दोन्ही नद्यांच्या प्रवाहाचा एक सलग नकाशा पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला. पुढे १७८६ पासून बर्लिनमध्ये बेर्नूली याने टीफेनथालरचे वर्णन, आंकतिलचे भारताविषयीचे ऐतिहासिक-भौगोलिक संशोधन आणि इंग्रज सर्वेक्षक रेनेल याचे लेखन अशी तीन पुस्तके एकत्र काढली. चरित्रकाराने ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत. रेनेलमागे कंपनीची मोजणीची यंत्रणा होती; आंकतिलकडे स्वतःची पायपीट, इतरांची टिपणे आणि फारसी ग्रंथ होते. कोण कशाच्या बळावर नदीचे वळण ठरवतो, हे त्या तुलनेत दिसते.

१७७८ चा त्याचा पौर्वात्य कायद्यांवरील ग्रंथही इथेच घ्यावा. आशियात राजा हाच सर्व जमिनीचा मालक आणि प्रजेला कायदा नाही, हे माँतेस्क्यू या फ्रेंच राजकीय विचारवंतामुळे रूढ झालेले मत त्याने पुराव्यांनी खोडून काढले. भारतात खासगी मालकी आहे, खरेदीखते होतात, करार पाळले जातात, हे तो प्रत्यक्ष पाहिल्याच्या बळावर सांगतो. मिरासदारी आणि वतनपत्रे हाताळलेल्या मराठी अभ्यासकाला ही पाने ओळखीची वाटतील, आणि त्यांवर आपल्या दप्तरांतील पुराव्याने भाष्य करण्यास त्याच्याइतका योग्य वाचक दुसरा नाही.

शेवटचा टप्पा उपनिषदांचा. दाराशुकोहने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर करविले होते. त्याची प्रत १७७५ मध्ये, फैजाबादच्या दरबारातील फ्रेंच प्रतिनिधी जाँतील याच्यामुळे, आंकतिलच्या हाती आली. तिचे लॅटिन भाषांतर ‘औपनेखत’ या नावाने १८०१-०२ मध्ये दोन खंडांत निघाले आणि जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरने उपनिषदे वाचली ती त्यातून. संस्कृत शिकण्यासाठी चंद्रनगरला गेलेल्या आणि रिकाम्या हातांनी परतलेल्या माणसाने चव्वेचाळीस वर्षांनी फारसीच्या वाटेने तिथे पोहोचावे, ही गोष्ट शकावलीच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या की आपोआप दिसते. राज्यक्रांतीच्या काळात तो पॅरिसमध्ये दूध, पाव आणि पाणी एवढ्यावर राहत होता. १८०४ मध्ये नेपोलियनशी निष्ठेची शपथ घेण्याचे त्याने नाकारले, विद्वत्संस्थेतील आपली जागा सोडली आणि १७ जानेवारी १८०५ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. वहीतली ही शेवटची नोंद झाली की मग लेखाचे पहिले वाक्य लिहायला घ्यावे.